नाचऱ्या पायांना ताणण्याचे यंत्र हवे कशाला?

रविवारची सकाळ आहे. नोएडातील एका मराठी घरात पोह्यांच्या बशा अजून टेबलावरून उचललेल्या नाहीत आणि अकरा वर्षांची कन्या मोबाइल आईच्या डोळ्यांसमोर धरून उभी आहे.

"आई, हे बघ ना. आमच्या क्लासमधल्या दोघींनी मागवलंसुद्धा. यात पाय अडकवायचा, पट्टा ओढायचा, की पाऊल असं कमानीसारखं वळतं."

"केवढ्याला आहे?"

"अडीच हजार. पण आजच्या दिवस सवलत आहे."

सोफ्यावर बसलेल्या आजी चष्मा वर करून म्हणतात, "पाय वळवायला अडीच हजार? आमच्या वेळी पाय फुकटात मुरगळायचा गं बाई!"

सगळे हसतात. मुलगी मात्र हसत नाही. "तुम्हाला गंमत वाटते. अख्ख्या क्लासमध्ये माझेच पाय असे सपाट आहेत," एवढे बोलून ती आतल्या खोलीत निघून जाते. हसणारी माणसे गप्प होतात. आईला वाटते, अडीच हजारांसाठी आपण पोरीचे मन तर मोडत नाही ना?

हे घर कल्पनेतले असले, तरी प्रसंग अनोळखी नाही. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद या पट्ट्यात आता कथक-भरतनाट्यम् बरोबर बॅले, जाझ आणि कंटेंपररी नृत्याचेही वर्ग चालतात. त्या वर्गांत जाणाऱ्या मुलींच्या आणि आता मुलांच्याही मोबाइलवर पाय ताणणाऱ्या, बोटे फाकवणाऱ्या साधनांच्या जाहिराती येऊन पडतात. पालकांना नृत्यातले फारसे कळत नाही, पायातले त्याहून कमी कळते. मग यंत्र घ्यावे की न घ्यावे? प्रश्न केवळ अडीच हजारांचा नाही. वाढत्या वयातल्या पायांचा आणि त्या पायांविषयी मुलीच्या मनात बसणाऱ्या समजुतीचा आहे.

यंत्रे दोन जातींची

बाजारात मिळणारी ही साधने ढोबळमानाने दोन प्रकारची असतात.

पहिला प्रकार पाऊल ताणणाऱ्या यंत्राचा. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची वळणदार फळी असते. टाच एका खोबणीत टेकवायची, बोटे दुसऱ्या टोकाच्या जाड इलॅस्टिक पट्ट्याखाली सरकवायची आणि गुडघा हळूहळू सरळ करायचा. गुडघा सरळ झाला की पाऊल खाली दाबले जाते आणि वरचा भाग फुगून कमान दिसू लागते. बॅलेमध्ये घोट्यापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत पाय एका लांब, किंचित वळलेल्या रेषेत दिसावा लागतो. ती रेषा लवकर मिळावी म्हणून हे यंत्र. किंमत बहुधा हजारांत असते.

दुसरा प्रकार बोटे फाकवणाऱ्या जेलच्या किंवा सिलिकॉनच्या तुकड्यांचा. जोडवी बोटात घालतात, हे तुकडे दोन बोटांच्या मध्ये बसवतात. घट्ट बुटांत दिवसभर चिकटून राहिलेली बोटे त्यामुळे मोकळी होतात. हे साधन काही शे रुपयांत मिळते.

दोन्हींचे काम वेगळे, धोका वेगळा आणि उत्तरही वेगळे. जाहिरातींत मात्र दोन्हींची सरमिसळ करून 'नर्तकांचे पाय' या एका नावाखाली ती विकली जातात.

पावलाच्या आत काय असते?

एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२ हाडे झाली. म्हणजे शरीरातल्या एकूण २०६ हाडांपैकी सुमारे चौथा हिस्सा पावलांतच आहे. ही हाडे एकमेकांना चिवट पट्ट्यांनी, म्हणजे अस्थिबंधांनी, बांधलेली असतात. तळव्यात लहान लहान स्नायूंचे चार थर असतात. पावलाची कमान उचलून धरण्याचे बरेचसे काम हे स्नायू करतात.

पाय लांब करताना हालचाल मुख्यतः घोट्याच्या सांध्यात होते आणि उरलेली पावलाच्या मधल्या हाडांत. घोट्याच्या मागे हाडाला हाड टेकले की हालचाल थांबते. कुणाचे हाड लवकर टेकते, कुणाचे उशिरा. काही जणांच्या घोट्यामागे एक जास्तीचे छोटे हाड असते, त्यांचे तर आणखी लवकर. ही जन्मजात ठेवण आहे. उंची ताणून वाढवता येत नाही, तशी ही ठेवणही पट्टा ओढून बदलत नाही. उलट हाडाला हाड टेकल्यानंतरही जोर लावत राहिले, तर घोट्यामागचा मऊ भाग चिमटला जातो, तिथे सूज येते आणि पाय लांब करताना कळ येऊ लागते.

दुसरी गोष्ट अस्थिबंधांची. स्नायू ताणला की लांब होतो आणि सोडला की पूर्ववत होतो. अस्थिबंधाचा स्वभाव तसा नाही. तो मर्यादेबाहेर ताणला गेला की सैल पडतो आणि पुन्हा पहिल्यासारखा घट्ट होत नाही. घोट्याच्या पुढच्या बाजूचे बंध सैल पडले तर पाय दिसायला लांब दिसेल, पण उडी मारून खाली येताना तोच पाय मुरगळेल. मुलीला हवी असते कमान आणि हातात येतो सैल घोटा.

तिसरी गोष्ट वयाची. वाढत्या हाडांच्या टोकाशी कुर्चेचा मऊ भाग असतो. हाड वाढते ते तिथून. पावलाच्या हाडांतला हा भाग मुलींमध्ये साधारण चौदाव्या-पंधराव्या वर्षापर्यंत आणि मुलांमध्ये आणखी थोडा उशिरापर्यंत मऊ असतो. अकरा वर्षांच्या मुलीने दाराआड बसून, कुणाची देखरेख नसताना, यंत्रात पाय अडकवून गुडघा सरळ दाबणे म्हणजे नेमक्या चुकीच्या वयात नेमका चुकीचा जोर लावणे होय.

आणखी एक गोम आहे. यंत्रात जोर कुठे पडतो, हे वापरणाऱ्याला नीट कळत नाही. ताण पावलाच्या मध्यावर यावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात पट्टा बोटांवर बसतो आणि बोटेच खाली मुडपली जातात. त्यामुळे बोटे आत वळवण्याची सवय लागते. बॅलेच्या शिक्षकाला तर बोटे लांब हवी असतात. म्हणजे पैसे देऊन एक दोष विकत घेतला, असे होते.

उंच कमान म्हणजे मजबूत पाय नव्हे

बोटांच्या टोकांवर उभे राहून नाचण्याच्या कलेला खरी प्रतिष्ठा मिळाली ती १८३२ मध्ये. त्या वर्षी पॅरिसमध्ये मारी ताल्योनी 'ला सिल्फीद' या बॅलेमध्ये नाचली आणि जणू जमिनीला न टेकता चालणारी नर्तकी लोकांनी पाहिली. तेव्हापासून वळणदार पावलांचे आकर्षण सुरू झाले.

पुढच्या काळात या पावलांसाठी जगभर नाव झाले ते अन्ना पाव्हलोव्हाचे. ही रशियन नर्तकी १९२२ मध्ये आपल्या संचासह भारतातही आली होती. तिच्या पावलांची कमान फार उंच आणि पाय नाजूक होते. आजच्या मुलींना हेवा वाटावा असे ते पाय. पण त्याच पायांनी तिला त्रासही दिला. टोकावर उभे राहताना आधार पुरेना, म्हणून तिने आपल्या बुटांना कडक कातड्याचा तळ बसवून घेतला आणि टोकही टणक केले. उंच कमान सुंदर दिसते. पण तिला पेलणारी ताकद नसेल तर ती अडचणच ठरते, हे खुद्द पाव्हलोव्हाच्या बुटांनीच सांगून ठेवले आहे.

नृत्यवैद्यकाच्या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटनेने मुलींना बोटांच्या टोकांवर केव्हा उभे करावे याविषयी काही सूचना दिल्या आहेत. त्या पालकांनी आवर्जून लक्षात ठेवाव्यात. बाराव्या वर्षाच्या आत टोकांवर उभे करू नये. आठवड्यातून एकदाच क्लासला जाणाऱ्या मुलीने त्या फंदात पडूच नये. आठवड्यातून दोनदा जाणाऱ्या आणि पाय, कंबर, पाठ मजबूत असलेल्या मुलीने शिक्षणाच्या चौथ्या वर्षी सुरुवात करावी. आणि ज्यांचे पाय-घोटे मुळातच फार लवचीक आहेत, त्यांना थांबवून आधी ताकद वाढवावी. सूचना देणाऱ्यांना कमी लवचीक पायांइतकीच जास्त लवचीक पायांचीही काळजी वाटते. यंत्र विकणारा मात्र सर्वांना एकच उपाय सांगतो, ताणा!

चाळ बांधणाऱ्या पायांचे काय?

पाव्हलोव्हाच्या उत्तेजनाने नृत्याकडे वळलेल्यांत मादाम मेनका हे एक मोठे नाव. म्हणजेच लीला सोखी. त्यांनी चवड्यांवर उभे राहण्याची वाट धरली नाही, कथकची धरली. १९३८ मध्ये खंडाळ्याला त्यांनी 'नृत्यालयम्' ही संस्था काढली. पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू केली आणि कित्येक मराठी घरांतल्या मुलींच्या पायांत चाळ आले. दिल्लीच्या कथक केंद्रात पंडित बिरजू महाराजांनी वर्षानुवर्षे शिष्य घडवले. या साऱ्या परंपरेत पाऊल टोकदार करण्याला स्थान नाही. तत्कार म्हणजे पूर्ण तळव्याने जमिनीवर दिलेला आघात. तो सपाट, स्वच्छ आणि वजनदार हवा.

भरतनाट्यम्मध्येही तट्टु अडवूत पूर्ण तळवा आपटतो, नाट्टु अडवूत टाच टेकते आणि कुदित्तमेट्टु अडवूत चवड्यांवर उडी घेऊन टाचा खाली आणतात. तिथे हवी असते अर्धमंडलाची बैठक, मांड्यांची ताकद आणि घोट्याचा ताबा. कथक किंवा भरतनाट्यम् शिकणाऱ्या मुलीसाठी पाऊल ताणणारे यंत्र घेणे म्हणजे तबलजीला बासरी भेट देण्यासारखे आहे.

या मुलींचे खरे दुखणे वेगळेच असते आणि ते बहुतेक वेळा जमिनीत असते. दिल्लीकडच्या फ्लॅटमध्ये खाली सिमेंटचा स्लॅब आणि वर संगमरवर किंवा गुळगुळीत टाइल्स. अशा जमिनीला जराही लवचिकपणा नसतो. दिलेला आघात तसाच्या तसा टाचेत, नडगीत आणि गुडघ्यात परत येतो. चांगल्या नृत्यशाळेत लाकडी आणि खालून थोडी पोकळ जमीन असते ती याच कारणासाठी. घरी रियाज करायचा तर न सरकणारी रबरी चटई किंवा लाकडी फळ्यांचा छोटा चौथरा करून घ्यावा. यंत्राच्या पैशांत याची सोय होत असेल, तर ती आधी करावी. सतरंजी अंथरण्याचा मोह टाळावा, कारण टाइल्सवर ती सरकते आणि पायही तिच्याबरोबर जातो.

दिल्लीच्या थंडीचाही विचार करायला हवा. डिसेंबर-जानेवारीत सकाळची फरशी बर्फासारखी गार असते. अशा वेळी गादीतून उठून थेट अनवाणी तत्कार सुरू करू नये. आधी मोजे घालून दहा-पंधरा मिनिटे चालावे, घोटे फिरवावेत, हलक्या उड्या माराव्यात. अंग गरम झाले की मोजे काढून मग पाय थापावेत. ताणण्याचे व्यायामही गार अंगाने कधीच करू नयेत. ते रियाज संपल्यावर करावेत.

बोटे फाकवणाऱ्या तुकड्यांविषयी

जेलच्या तुकड्यांबाबत थोडे बरे बोलता येते. अंगठा करंगळीच्या दिशेने कलून त्याच्या बुडाशी हाडाचा उंचवटा आलेला असेल आणि तो दुखत असेल, तर घरात असताना हे तुकडे घातल्याने काहींना आराम पडतो. एकमेकांवर चढलेली बोटेही थोडा वेळ मोकळी होतात. मात्र तुकडा काढला की बोट पुन्हा पहिल्या जागी जाते. वाकलेला अंगठा यामुळे कायमचा सरळ होतो, हा दावा खरा मानू नये.

ते नाचाच्या घट्ट बुटांत कोंबून घालू नयेत. आधीच जागा नाही, त्यात आणखी एक तुकडा शिरला की कडेची बोटे जास्तच दाबली जातात. सुरुवात दहा-पंधरा मिनिटांनी करावी. बोटे बधिर झाली, निळसर दिसली किंवा दुखू लागली तर लगेच काढावेत. आणि घरातल्या मधुमेही आजी-आजोबांनी नातीचे पाहून ते परस्पर वापरू नयेत. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, घासून जखम झाली तरी कळत नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावे.

खरे तर बोटे दाटण्याचे मूळ कारण चिंचोळ्या पुढच्या टोकाच्या चपला-बुटांत असते. शाळेचे बूट लहान झाले तरी वर्ष काढायचे म्हणून तेच घातले जातात. मुलीला उभे करून बुटात अंगठ्याच्या पुढे बोटभर जागा आहे का, हे दर तीन-चार महिन्यांनी पाहावे. हा उपाय कुठल्याही तुकड्यापेक्षा मोलाचा आहे.

मग करायचे काय?

पाऊल सुंदर दिसण्यासाठी लागतात दोन गोष्टी. जेवढी हालचाल निसर्गाने दिली आहे तेवढी पूर्ण वापरता येणे आणि ती पेलण्याची ताकद. या दोन्ही घरच्या घरी कमावता येतात.

पहिला व्यायाम बसून करायचा. तळवा जमिनीवर पूर्ण टेकवावा. बोटे न मुडपता चवडा टाचेकडे ओढण्याचा प्रयत्न करावा. कमान किंचित वर उचललेली दिसेल. पाच मोजेपर्यंत धरून सोडावी. असे दहा वेळा. पहिल्या आठवड्यात काहीच होत नाही असे वाटेल. तळव्यात वांब आल्यासारखे झाले तर थांबून पाय चोळावा आणि पुन्हा सुरू करावे.

दुसरा व्यायाम पेटी वाजवण्यासारखा आहे. फक्त अंगठा उचलायचा, बाकीची चार बोटे जमिनीवर. मग अंगठा खाली आणि चारही बोटे वर. आजी-आजोबांनाही यात भाग घेता येईल. बहुतेकांना ते पहिल्या दिवशी जमत नाही, त्यामुळे घरात चांगली करमणूक होते.

तिसरा व्यायाम टाचा उचलण्याचा. भिंतीला हात लावून दोन्ही चवड्यांवर सावकाश वर जावे आणि त्याहून सावकाश खाली यावे. घोटा करंगळीच्या बाजूला कलू देऊ नये, भार अंगठा आणि त्याशेजारच्या बोटावर राहावा. दोन्ही पायांवर सहज जमू लागले की एका पायावर करावे. एका पायावर घोटा न डगमगता वीस-पंचवीस वेळा वर जाता आले, तर पोटरी चांगली तयार झाली असे समजावे.

चौथ्यासाठी रबरी व्यायामपट्टा लागतो, तो स्वस्तात मिळतो. पाय लांब करून बसावे, पट्टा चवड्याभोवती घेऊन टोके हातात धरावीत. आधी घोटा, मग चवडा, शेवटी बोटे या क्रमाने पाय लांब करावा आणि उलट क्रमाने मागे आणावा. या व्यायामात पाय स्वतः जोर लावून लांब होतो. यंत्रात तो बाहेरून दाबला जातो. दोन्हींतला फरक इथेच आहे. स्टेजवर यंत्र सोबत नसते. तिथे पाय स्नायूंनीच लांब करावा लागतो.

आणि ताणायचेच असेल तर आपल्या घरात फार जुना उपाय आहे, वज्रासन! टाचांवर बसले की घोट्याची पुढची बाजू आणि पावलाचा वरचा भाग अलगद ताणला जातो. ताण किती घ्यायचा हे आपल्याच हातात असते, कारण हात टेकून भार कमी करता येतो. तीस सेकंद बसावे, उठावे, पुन्हा बसावे. गुडघे दुखत असतील तर करू नये. घोट्यात किंवा घोट्यामागे टोचल्यासारखे झाले तर लगेच उठावे.

हे सारे रोज दहा मिनिटांचे काम आहे. फरक आठवड्यात दिसत नाही, काही महिन्यांनी दिसू लागतो. म्हणूनच त्याची जाहिरात कुणी करत नाही.

घ्यायचेच ठरले तर

सोळा-सतरा वर्षांचा, रोज तासन् तास बॅले करणारा विद्यार्थी असेल आणि त्याच्या शिक्षकांनी व फिजिओथेरपिस्टने पाय तपासून 'घ्या' म्हटले असेल, तर गोष्ट वेगळी. तरीही ते कसे वापरायचे हे त्यांच्यासमोर शिकावे, गरम अंगाने, कमी जोराने आणि थोडा वेळच वापरावे.

मागवताना उत्पादकाचे नाव-पत्ता, कोणत्या देशात बनले आणि परत करण्याची मुदत हे पाहून घ्यावे. 'तीस दिवसांत कमान' असा दावा लिहिला असेल, तर त्या पानाचे छायाचित्र जपून ठेवावे. दिशाभूल करणारी जाहिरात हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचा विषय आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ असून तिथे घरबसल्या तक्रार नोंदवता येते. आणि 'आजच्या दिवस सवलत' पाहून निर्णय घेऊ नये. तशी सवलत बहुधा उद्याही असते!

पुढील लक्षणे दिसली तर यंत्र बाजूला ठेवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे : पाय लांब करताना घोट्यामागे कळ येणे, पावलावर एकाच ठिकाणी बोटाने दाबल्यास हाड दुखणे, बोटे बधिर होणे, सूज येणे किंवा रात्रीच्या विश्रांतीनंतरही सकाळी दुखणे कायम राहणे. दिल्लीत सफदरजंग रुग्णालयाच्या आवारात खेळाडूंच्या दुखापतींसाठी सरकारी स्पोर्ट्स इंज्युरी सेंटर आहे. नाचणारा पायही खेळाडूच्याच पायाइतका राबत असतो, तेव्हा तिथे जायला संकोच नको.

विकासपुरीचा कमल

'पण लहानपणापासून ताणले नाही तर पुढे उशीर होईल,' ही भीती आईबापांच्या मनात असतेच. तिला दिल्लीतच एक उत्तर आहे. पश्चिम दिल्लीतल्या विकासपुरीचा कमल सिंह हा ई-रिक्षा चालवणाऱ्या वडिलांचा मुलगा. 'एबीसीडी' या २०१३ च्या हिंदी चित्रपटात त्याने बॅले पाहिले आणि त्याला ओढ लागली. तो दिल्लीतल्या इम्पीरियल फर्नांडो बॅले कंपनीत चाचणीच्या वर्गाला गेला, तेव्हा त्याचे वय होते सतरा. बॅलेच्या हिशेबाने हे वय म्हणजे गाडी सुटून गेल्यासारखेच. अर्जेंटिनाहून आलेले शिक्षक फर्नांडो आगिलेरा यांनी त्याला हाताशी धरले. २०२० मध्ये, विशीत, कमलला लंडनच्या इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. घरची ऐपत नव्हती, म्हणून लोकांना मदतीची हाक घातली गेली. हृतिक रोशनसह अनेकांनी पैसे दिले. ते पैसे मागितले होते शिक्षणाच्या शुल्कासाठी आणि लंडनला राहण्या-खाण्यासाठी.

मुंबईकडचे मनीष चौहान आणि अमिरुद्दीन शाह यांची वाटचालही अशीच. त्यांच्यावरून प्रेरणा घेऊन सूनी तारापोरवाला यांनी २०२० मध्ये 'ये बॅले' हा चित्रपट केला. या मुलांना मिळाली ती मोठी गोष्ट म्हणजे रोज समोर उभा राहून चूक दाखवणारा गुरू.

तेव्हा नोएडाच्या त्या घरातल्या आईने काय करावे? अडीच हजार वाचवावेत, पण मुलीच्या डोळ्यांतले पाणी हसण्यावारी नेऊ नये. पुढच्या क्लासला तिच्याबरोबर जावे आणि शिक्षकांना स्पष्ट विचारावे, "हिचे पाय ताठ आहेत की नुसते कमजोर? हिने घरी काय करावे?" जमल्यास फिजिओथेरपिस्टला एकदा पाय दाखवावेत. पैसे खर्च करायचेच तर त्या तपासणीवर, नीट मापाच्या बुटांवर आणि पायाखालच्या चटईवर करावेत.

आणि मुलीला एक गोष्ट सांगावी, जी कुठल्याच जाहिरातीत नसते. तुझे पाय बिघडलेले नाहीत. ते अजून वाढत आहेत.

मग संध्याकाळी दिवाणखान्यातला टीपॉय बाजूला सरकवावा. मुलगी भिंतीला हात लावून टाचा उचलेल, आई मोजेल. आजी गुडघ्यांची तक्रार सांभाळत खुर्चीतच बसून अंगठा एकटा उचलायचा प्रयत्न करतील आणि त्यांची चारही बोटे त्याच्यासोबत वर येतील. सकाळी जी मुलगी रुसून आत गेली होती, तीच आता आजींच्या पायाशी बसून त्यांना शिकवील, "आजी, अशी नाही गं, फक्त अंगठा!"